हे विचारणं दवाखान्याचंच काम आहे

'गावातल्या दवाखान्यानं ताप, खोकला, साखर आणि रक्तदाब बघावा. बायकांच्या अंगावरून काय जातं, नवरा-बायकोत काय अडतं, या चौकश्या आपल्या नव्हेत. त्यासाठी अलिबागला तज्ज्ञ आहेत.' आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. किहीम, चोंढी, झिराड या पट्ट्यात त्यांनी दोन पिढ्यांना औषध दिलंय, भर पावसात रात्री वाड्यांवर गेलेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या बाबतीत ते चुकताहेत असं माझं ठाम मत आहे. आणि तसंच वागण्याची सवय आमच्या सगळ्याच व्यवसायाला लागलेली असल्यामुळे मी हे जाहीरपणे लिहिते आहे.

त्यांचा पहिला मुद्दा असा, की लोक स्वतःहून असलं काही विचारत नाहीत, म्हणजे त्यांना त्याची गरज वाटत नाही.

लोक विचारतात. कसं विचारतात ते बघायला हवं. किहीमच्या बंगल्यांमध्ये झाडलोट करणारी पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. शनिवार-रविवारी मालक मंडळी मुंबईहून येतात, त्यामुळे तिला सुट्टी सोमवारी. सोमवारी दवाखाना तुडुंब. ती गुडघे दाखवते. गोळी लिहून होते, कागद हातात पडतो, पुढचा पेशंट आत डोकावायला लागतो, आणि दाराशी गेलेली बाई मागे वळते. 'डॉक्टरीणबाय, आजून येक सांगाचा हाय.' मग बाकावर बसलेल्या शेजारणीकडे तिची नजर जाते आणि 'असूं दे, मंग येते' म्हणून ती निघते. तेव्हाच तिला परत खुर्चीवर बसवलं, दार लावून घेतलं, तर कळतं की पाळी जाऊन काही वर्षं झाली आणि आता नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचं हे लक्षण असू शकतं, हे आम्ही सगळेच शिकलोय. ती जाऊ दिली तर पुन्हा कधी येईल, आणि आली तर कोणत्या टप्प्यावर येईल?

अशा बाया प्रत्येक दवाखान्यात येतात. कंबर दुखते म्हणतात, अशक्तपणा आहे म्हणतात, हातापायांची आग होते म्हणतात. पुरुष 'थकवा येतो, ताकदीचं इंजेक्शन द्या' म्हणतो. आम्ही कंबरेला गोळी देतो, अशक्तपणाला टॉनिक देतो, आणि 'लोक विचारत नाहीत' असं बैठकीत सांगतो.

न बोलणाऱ्या बाईला आजार नसतो, या समजुतीला महाराष्ट्रातच उत्तर मिळालंय, आणि तेही १९८९ साली. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. ज्यांची काहीच तक्रार नव्हती अशा ४५ टक्के होत्या. म्हणजे तक्रार न करणाऱ्यांमध्येही बहुसंख्य आजारी होत्या. आणि त्याआधी अशी तपासणी आणि उपचार मिळालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. जगभरात या अभ्यासाचे दाखले दिले गेले. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. आज इतक्या वर्षांनी रायगडच्या किनाऱ्यावर आम्ही डॉक्टरच पुन्हा तीच समजूत धरून बसणार असू, तर गडचिरोलीच्या त्या बायांनी आपली शरीरं तपासू दिली ती कशासाठी?

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. 'आपण नाही विचारलं तरी तज्ज्ञ आहेत.' किहीमहून अलिबाग दहा-बारा किलोमीटर. मिनीडोर रिक्षानं फार वेळ लागत नाही, हे खरं. पण त्या बाईचा दिवसाचा खाडा होतो, घरी 'कशाला गेलीस' याचं उत्तर द्यावं लागतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पाटीखाली बसलेलं कुणी पाहिलं तर गावात आणखी चार उत्तरं द्यावी लागतात. गुडघ्यासाठी ती आमच्याकडे येते तेव्हा तिला यातलं काहीच करावं लागत नाही. तिच्यासाठी आमचं दार सगळ्यात सोपं आहे, आणि तेच आम्ही तिच्यासाठी बंद करून बसलोय.

शिवाय तज्ज्ञाकडे थेट गेलेल्या बाईचं काय होऊ शकतं, हे बीड जिल्ह्यानं दाखवलंय. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याचं २०१९ साली उघडकीला आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येकींचं वय चाळिशीच्या आत होतं. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, ही सगळी कारणं त्यामागे होतीच, आणि त्यांची जबाबदारी कारखाने आणि सरकार यांच्यावर जाते. पण यातल्या अनेक बायांची कहाणी सुरू कुठे झाली ते बघा. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, पाळीत जास्त जायचं. या तक्रारी गावच्या पातळीवर नीट ऐकून, तपासून, साध्या औषधांनी बऱ्या करता येतात. तिथं कुणी नीट ऐकलं नाही. मग ती बाई थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली, 'पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल' ही भीती घेऊन.

पहिल्या दवाखान्यात जे विचारलं जात नाही ते नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जातं. कधी त्या 'दुसऱ्या'कडे पदवी असते, कधी नुसती भिंतीवर रंगवलेली जाहिरात.

भिंतीवरच्या जाहिरातीवर आलेच आहे तर पुरुषांबद्दलही बोलू. मिनीडोर चालवणारा चाळिशीतला माणूस. साखर दर वेळी चढलेली, आणि गोळ्या नियमित घेतो असं तो शपथेवर सांगणार. डोस वाढवत राहायचं की एक प्रश्न विचारायचा? 'गोळ्या सुरू झाल्यापासून घरात, संबंधांत काही अडचण येते का?' एवढंच विचारलं की तो खाली बघतो आणि बोलायला लागतो. मधुमेहाच्या गोळ्यांनीच आपली ताकद गेली असं त्यानं ठरवलेलं असतं. गोळ्या केव्हाच बंद झालेल्या असतात, आणि एसटी स्टँडवरच्या जाहिरातीतल्या कुणा वैद्याच्या पुड्या सुरू. खरं तर वाढलेली साखरच नसा आणि रक्तवाहिन्या खराब करत असते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथं आधी दिसतो. हृदयविकाराची सूचना काही वर्षं आधीच मिळालेली असते आणि डॉक्टरला पत्ता नसतो. रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्यांनी खरोखरच अशी अडचण येते. ती गोळी बदलता येते. पण बदलणार कोण? विचारलंच नाही तर कळणार कसं?

आणि बंगल्यांवरचे परप्रांतीय चौकीदार, रिसॉर्टवर राबणारी विशी-बाविशीतली पोरं? त्यांना धात जाण्याची भीती असते, हस्तमैथुनानं आपण संपलो असं वाटत असतं, एखाद्याला खरोखरच लघवीच्या जागी पू येत असतो. पहिल्या दोघांना पाच मिनिटांचा धीर पुरतो. तिसऱ्याला औषध लागतं, आणि ते सरकारी यंत्रणेत मोफत आहे. लैंगिक आजारांची औषधं रंगांच्या डब्यांत येतात: मूत्रमार्गातून पू जाण्यासाठी करडा, योनिदाहासाठी हिरवा, जननेंद्रियावरच्या जखमेसाठी पांढरा. हे डबे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावेत अशीच योजना आहे. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ज्या सरकारनं औषध प्राथमिक पातळीवर ठेवलं, त्यानं प्रश्नही प्राथमिक पातळीवरच विचारला जावा असं धरलं नसेल का?

धरलं आहे, आणि लेखी धरलं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर यांच्याबरोबर स्त्रियांसाठी वेगळे प्रश्न छापलेले आहेत. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यानंतर जातं का, संबंधानंतर जातं का, घाण वासाचं पाणी जातं का. सोमवारच्या त्या बाईचा आजार या फॉर्ममध्ये अक्षरशः छापलेला आहे. पण फॉर्म अंगणात भरला जातो, सासू शेजारी बसलेली असते, आणि त्या रकान्यांत न विचारताच 'नाही' पडतं. यात आशाताईंना दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. तीच ताई वाडीतली सून आहे, तिला तिथंच राहायचंय, आणि हे कसं विचारायचं ते तिला कुणी बसून शिकवलेलं नाही.

न विचारण्याचा हिशोब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतो. २०१९ ते २१ च्या पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया फक्त १.९ टक्के. आणि याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रियांना घेऊन मोठी चाचणी झाली. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय त्यात होतं. आयुष्यात एकदा जरी एचपीव्ही तपासणी झाली, तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असं तिच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवलं. हे ज्ञान आपल्या मातीतलं, ते अजून आपल्याच दवाखान्यात पोहोचलेलं नाही.

वेळ नाही, हा आक्षेप मी थोडक्यात उडवून लावते. अंगावरून जाणाऱ्या बाईला न तपासता गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला औषध लागत असताना दिलं नाही, तर ती महिन्याभरात परत येते, मग पुन्हा येते. तीन अर्ध्या भेटींपेक्षा एक पुरी भेट कमी वेळाची.

आता संस्कृतीचा मुद्दा. 'आपल्या कोकणात हे बसत नाही' हे बैठकीतलं वाक्य मला फार टोचलं, कारण या विषयावर महाराष्ट्रात सगळ्यात निर्भयपणे बोललेला माणूस कोकणातलाच. र. धों. कर्वे यांचा जन्म मुरुडचा, दापोलीजवळच्या. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र उघडलं ते याच वर्षी. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला, आणि कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले. पण लोक प्रश्न विचारत होते, पत्रं लिहून विचारत होते, हे त्याच खटल्यानं कायमचं नोंदवून ठेवलं. नव्वद वर्षांपूर्वी जे प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर येत होते ते आज आमच्या दवाखान्याच्या दाराशी येतात. तेव्हा त्यांना उत्तर देणाऱ्याला दंड झाला, आज तसा कुठलाही दंड नाही.

किहीमला आणखी एक वारसा आहे. १९३० साली सलीम अली इथं राहिले आणि सुगरण पक्ष्यांचं घरटं, जोडी जमवणं, वीण हे सगळं त्यांनी दिवसेंदिवस पाहून लिहिलं. एक नर कित्येक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी इथल्या पाखरांवरून दाखवलं. गावाला त्या अभ्यासाचा अभिमान आहे. तीच निर्मळ, न लाजणारी नजर आपल्या माणसांच्या आरोग्याकडे वळवायला काय हरकत आहे?

'पोरं बिघडतील' ही भीती मात्र मी समजून घेते, कारण ती आईबापांची आहे. पण शरीराची माहिती मिळाल्यामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं जगभरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. युनेस्कोनंही आपल्या मार्गदर्शनात तेच सांगितलंय. आपल्याकडे किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकची योजना आहे ती याच समजुतीवर उभी आहे. आणि माहिती न दिल्यानं काय होतं ते आम्हाला दिसतंच. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत मुलींची लग्नं अजून कोवळ्या वयात होतात. कॉलेजातली मुलगी पाळी चुकली की आईला सांगत नाही, डॉक्टरला सांगत नाही. कुणाच्या तरी हातून दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या मागवते आणि घरच्या मोरीत एकटीनं घेते. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. ती आमच्याकडे आली असती तर? आणि ती का आली नाही? कारण आमच्याकडे पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' हा असतो, हे तिला माहीत आहे.

डॉक्टरांच्या मनात कायद्याची भीती आहे, तीही खरी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत पोक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे, ते टाळता येत नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, की अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपाताच्या प्रकरणात डॉक्टरनं तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. त्याच निकालानं अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच हक्क दिला. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्यानं कधीच लागत नव्हती, तरी ती अजून ठिकठिकाणी मागितली जाते. हे आम्हालाच ठाऊक नसेल, तर मुलीला कोण सांगणार?

एका मुद्द्यावर माझे ज्येष्ठ सहकारी बरोबर आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय माझा प्रतिवाद प्रामाणिक ठरणार नाही. ते म्हणाले, 'या दवाखान्यांत आडोसा कुठे आहे?' नाही. तपासणीच्या टेबलाला एक पातळ पडदा, दार उघडं, बाहेर बाकावर अर्धं गाव. केसपेपर लिहिणारी मुलगी पेशंटच्या नणंदेची मैत्रीण. अशा ठिकाणी 'संबंधानंतर रक्त जातं का' हे मोठ्यानं विचारणं म्हणजे त्या बाईवर अन्यायच. न विचारण्याइतकंच वाईट विचारणंही आहे: सगळ्यांदेखत, उपदेशाच्या सुरात, किंवा 'आता या वयात कशाला' असं हसून. ते ज्यांनी सोसलंय त्या बाया पुन्हा तोंड उघडत नाहीत.

पण आडोसा नाही म्हणून प्रश्न सोडून द्यायचा, हा उलटा न्याय झाला. आडोसा करता येतो. त्याला पैसा फार लागत नाही, निश्चय लागतो. एका वेळी एकच पेशंट आत. दार लावलेलं. बाईला तपासताना दुसरी बाई खोलीत, आणि ती गावातली नको असेल तर तसं सांगायची तिला मोकळीक. सासूला, नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवण्याचा नियम सगळ्यांनाच लावलेला, म्हणजे कुणा एकीवर संशय येत नाही. केसपेपरवर असं काही लिहायचं नाही की तो घरी कुणी वाचला तर तिला मार बसेल. आणि डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी, सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत, की इथं ऐकलेलं इथंच राहतं.

कुटुंबनियोजनाच्या बाबतीतही हीच नजर हवी. आशाताईंच्या पिशवीत माला-एन आहे, छाया गोळी आहे, निरोध आहे, गरोदरपण तपासायची निश्चय किट आहे. आरोग्य केंद्रात अंतरा इंजेक्शन आणि कॉपर-टी आहे. एवढं असूनही, २०१९ ते २१ च्या त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांचा मार्ग स्त्रीची नसबंदी आणि फक्त ०.३ टक्क्यांचा पुरुषाची. बाईचं ऑपरेशन झालं की तिची फाइल बंद होते. त्यानंतर तिला संबंधांत दुखतं का, पाळी जाताना काय त्रास होतो, साठीत अंग बाहेर येतं का, हे विचारायला कुणी तिच्या दारात जात नाही. आणि नवऱ्याला तर सुरुवातीपासूनच कुणी काही विचारलेलं नसतं.

म्हणून माझा प्रस्ताव पुरुषांपासून सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. थळ, नवगाव, वरसोलीच्या कोळीवाड्यांतले एरवी समुद्रावर असणारे खलाशी तेव्हा घरी असतात, जाळी विणत असतात, संध्याकाळी मोकळे असतात. त्या दोन महिन्यांत या पट्ट्यातल्या दवाखान्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त पुरुषांसाठी ठेवावी: साखर, रक्तदाब आणि त्याबरोबरच हे सगळे प्रश्न, दार लावून, एकेकाला. बायांसाठी सोमवार दुपार ठेवावी, बंगल्यांवरच्या कामाला सुट्टी असते तेव्हा. पुरुषांच्या संध्याकाळसाठी मला एका ज्येष्ठ पुरुष डॉक्टरची गरज आहे. कोळीवाड्यातले म्हातारे ज्यांना बघून उठून उभे राहतात आणि ज्यांच्यासमोर ते खोटं बोलणार नाहीत, असे आमच्या भागात एकच डॉक्टर आहेत, आणि त्या बैठकीत ते बोलले होते. त्यांनी यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.